आधी विहीर, मग होडी

कोकणात शिडाच्या होड्यांचा क्लब काढायचा म्हटलं की बोलणं होड्यांपासून सुरू होतं. कोणत्या घ्यायच्या, किती, नव्या की वापरलेल्या. जागा बघायला गेलेली मंडळीही आधी समुद्राकडे तोंड करून उभी राहतात. माझं म्हणणं, तिथे पोचल्यावर समुद्राकडे पाठ करावी आणि विहीर कुठे आहे ते विचारावं. एप्रिलअखेर तिला किती पाणी उरतं? मचूळ होतं का? मालकाचा होकार तोंडी आहे की कागदावर? एवढं कळल्याशिवाय होडीची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

कारण मीठ. खाऱ्या पाण्यातून आलेली होडी उन्हात वाळली की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रात्रीच्या दमट हवेतून ते मीठ पुन्हा ओल ओढून घेतं. म्हणजे होडी शेडमध्ये कोरडी दिसते, पण तिचे सांधे ओलेच असतात. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यावरचे क्लीट (दोर अडकवायच्या पकडी) आणि रिबिटं स्टेनलेस स्टीलची. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल असली की रिबिटाभोवती पांढरी भुकटी जमते. ती भुकटी म्हणजे खाल्लं गेलेलं ॲल्युमिनियम. पुढे रिबिट बोटाने हलायला लागतं आणि मग एखाद्या दुपारी, अगदी जोराच्या वाऱ्यात, क्लीटसकट उपटून हातात येतं. दोन धातूंच्या मधे नायलॉनचा पातळ वॉशर घातला तर हे बरंच लांबतं. धुतलं तर आणखी लांबतं.

धुण्याचाही क्रम आहे. एका ऑप्टिमिस्टला, म्हणजे मुलांच्या छोट्या होडीला, दोन बादल्या पुरतात. पहिली बादली कप्प्यांवर, सुकाणूच्या बिजागऱ्यांवर आणि डोलकाठीच्या बुडावर. दुसरीतलं निम्मं आतल्या बाजूला स्पंजने, उरलेलं ट्रॉलीच्या चाकांवर. शीड रोज धुवायचं नाही, आठवड्यातून एकदा पुरे, पण वाळू झटकून आणि सावलीत वाळवून मगच गुंडाळायचं. रबरी नळी लावून होडीच्या पाठीवर धो धो पाणी मारणारे लोक दिसतात. होडी चमकते, पाणी संपतं, आणि जिथे मीठ खरोखर खातं त्या जागा तशाच राहतात. आठ ऑप्टिमिस्ट, मोठ्यांच्या दोन एंटरप्राइझ होड्या आणि सुरक्षा बोटीचं इंजिन एवढ्या संसाराला दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर गोडं पाणी लागतं. त्यातलं मोठं पिंप इंजिनासाठी. इंजिन पिंपात उभं करून, पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडेल एवढं भरून, पाचदहा मिनिटं मंद चालवायचं. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर आतलं, पाणी ढकलणारं रबरी इंपेलर झिजलंय किंवा वाळूने मार्ग बंद झालाय. इंपेलर स्वस्त असतं. ते दरवर्षी न बदलता वाचवलेले पैसे तापून जाम झालेल्या इंजिनात गेलेले आहेत.

एप्रिल-मे हा शिडाचा सर्वात चांगला वारा. विहिरी तळाला जातात तेही याच दिवसांत. क्लबाचं आणि गावाचं पहिलं भांडण होतं ते समुद्रावरून नाही, याच पाण्यावरून.

शीड कोकणाला नवं नाही, हे वाक्य भाषणात ठीक आहे. खरं तर दोन वेगळी शिडं आहेत. मचवे, पडाव, गलबतं यांचं शीड परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या लांब तिरक्या वाशाला बांधलेलं, मोठं. समोरच्या वाऱ्यात बाजू बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून होडी वळवायची आणि परबाण डोलकाठीपुढून पलीकडे न्यायचं. माणसं लागायची, वेळ लागायचा. म्हणून नाखवे वाऱ्याशी झगडत बसत नसत, त्याची वाट बघत. पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलईवर बाहेर, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर आत. वाघोटणच्या खाडीत विजयदुर्गजवळ मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत, तिथलं गणितही भरती-ओहोटीवरच बसवलेलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांना इंजिनं आली, पुढे लाकडाच्या जागी फायबर आलं, आणि शिडाचं ज्ञान एकदोन पिढ्यांत गावातून उतरलं. आज मालवणच्या धक्क्यावर शिडाची छोटी होडी उतरवली तर पहिला प्रश्न येतो तो असा: ‘इंजिन नाय? मगे परत कसे येतलास?’ प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण तो नेमका आहे. त्याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याने होडी उतरवू नये.

दुसरं शीड साहेबाचं. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. खेळ म्हणून शीड मुंबईत आलं ते त्या वाटेने, आणि ‘मेनशीट’ (शीड आवळायचा-सोडायचा दोर), ‘टॅक’ आणि ‘जाइब’ (वारा समोरून किंवा मागून घेऊन बाजू बदलणं), ‘किकर’ (शिडाची आडवी काठी खाली ओढून धरणारा दोर) हे शब्दही त्याच वाटेने. १९८२च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्णपदक घेतलं. कोकणातल्या क्लबात हे दोन्ही वारसे एकाच वाक्यात नांदतात: ‘सुकाणू सरळ धर, मेनशीट सोड.’ मला त्यात काही वावगं दिसत नाही. मुलांना सूचना एका श्वासात कळली पाहिजे, शब्दांची शुद्धी नंतर.

किनाऱ्यावरच्या गावातली माणसं मुलांना पाण्यात पाठवत नाहीत, याचं शहरी पाहुण्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर ती आठवण अजून घराघरांत आहे. ज्यांनी समुद्र पोटासाठी केला त्यांना तो खेळायची जागा वाटत नाही. त्या भीतीला पोस्टरने उत्तर देता येत नाही. लाइफजॅकेट दाखवून, ते पालकांसमोर पाण्यात घालून तरंगून दाखवून देता येतं.

त्याच १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या क्लियरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी लहान मुलांसाठी प्लायवूडच्या आठ फुटी तक्त्यांतून बेतलेली एक पेटीसारखी होडी काढली. ती ऑप्टिमिस्ट. लांबी २.३६ मीटर, रिकाम्या होडीचं वजन ३५ किलो, शीड साडेतीन चौरस मीटरच्या आत. नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोथट, दिसायला बेढब, पण पंधरा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने सांभाळता येणारी. उलटली तरी आतल्या हवेच्या तीन पिशव्या तिला तरंगत ठेवतात. या पिशव्या हा तिचा जीव. संध्याकाळी फुगवून ठेवाव्यात आणि सकाळी दाबून बघाव्यात, रात्रीत मऊ पडली तर ती पिशवी पाण्यात जाणार नाही. डोलकाठी वरच्या फळीला दोरीने बांधलेली हवी, नाहीतर होडी पालथी झाल्यावर काठी भोकातून निसटते आणि वर येताना फळी फोडते. पुढचा बांधायचा दोर तरंगणारा, किमान आठ मीटर लांब आणि पाच मिलिमीटर जाड. पाणी उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापायचा, त्यासारखं दुसरं साधन नाही. तो होडीला बांधलेला असावा. न बांधलेला कॅन पहिल्या उलटण्यातच गोव्याकडे निघतो.

मोठ्यांसाठी जॅक होल्ट यांची १९५६ची एंटरप्राइझ, दोन माणसांची, निळ्या शिडाची, ४.०४ मीटर. एकट्यासाठी लेझर, जिला आता इल्का म्हणतात: ४.२३ मीटर, ५९ किलो, ७.०६ चौरस मीटर शीड. नवा क्लब हमखास वापरलेल्या होड्या घेतो, आणि तिथेच फसतो. लेझर घेताना डोलकाठी रोवायच्या भोकात पाणी भरून ठेवावं आणि चहा प्यावा. पाण्याची पातळी खाली गेली तर भोकाचा तळ वाळूने घासून फुटलाय, पाणी होडीच्या पोटात जातंय. भोकात वाळूचा कण गेला की काठी फिरताना त्याची कानस होते, म्हणून किनाऱ्यावर काठी लावण्याआधी तिचं बूड धुवायचं. सगळी होडी नाण्याने वाजवावी. टणक आवाज ठीक, भद्द आला तिथे थर सुटलेत. शेवटी वजन करावं. ५९ किलोची होडी ६८ भरली तर ते नऊ किलो पाणी आहे, आणि विकणारा काहीही म्हणाला तरी ते उन्हात ठेवून सहजी जात नाही.

दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याला धावण्याचं कारण नाही. मच्छीमारी होड्या फायबरच्या झाल्यापासून हर्णै असो की देवगड, बंदराला फायबरचं काम करणारा माणूस आहेच. पण त्याचा हात जाड असतो. मच्छीमारी होडीला दोन थर जास्त दिले तर ती टिकते, ३५ किलोच्या होडीला दिले तर ती मरते. भेगेच्या कडा लांब उतारावर घासून, पूर्ण वाळवून, काचतंतूंच्या पातळ मॅटचे थर मोठ्याकडून लहानाकडे चढवायचे. मॅट चिकटवणारं रेझिन आणि ते घट्ट करणारे कोबाल्ट व हार्डनर वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर शेवटी, शंभराला एक ते दोन. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही ओतायचे नाहीत, ते पेट घेतात, स्फोटही होतो. मेच्या दुपारी मिश्रण वाटीतच गोठतं, म्हणून सकाळी आणि थोडं थोडं कालवायचं. जुलैत हे काम हातात घेऊच नये, ओली मॅट रेझिन धरत नाही.

आता वारा आणि पाणी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दिवसाचा ठेका साधारण ठरलेला. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई. नऊ-दहाला ती मरते, तासभर पाणी तेलासारखं. अकरा-बारानंतर पश्चिमेकडून, मग वायव्येकडे सरकत खारा वारा भरतो, तीन-चारला शिगेला पोचतो. थंडीत तो पुष्कळदा नुसता हाताला लागण्याइतका, मार्च ते मे बारा-पंधरा नॉट सहज.

पाण्याचं गणित पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईला बसतो. दक्षिणेला जावं तशी भरती आधी येते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला तो तासाभराने अलीकडे धरावा. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर काही मिनिटं. पण पाणी समान हप्त्यांनी जात नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक.

हे सगळं एकत्र मांडून बघा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे ओहोटीचा सर्वात जोराचा ओढा साधारण दीड ते चार, आणि खाऱ्या वाऱ्याचा जोरही तेव्हाच. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडतात. लाटा आखूड आणि उभ्या होतात, शिकाऊ मूल त्यात होडी वळवू शकत नाही. उलट अष्टमीला दुपारी बाराला पाणी तळाला. होड्या चिखलातून ओढाव्या लागतात, पालक नाक मुरडतात, पण नंतर भरती आत येते, वाराही आत येतो, आणि भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने ओढा बेताचा. ज्याला काहीच जमलं नाही तो पोरगाही वाहत वाहत घरीच येतो. शिकाऊ वर्गाला याहून चांगली दुपार नाही. त्याच अष्टमीची सकाळ मात्र टाळावी: सहापासून ओहोटी, वर मतलई, दोन्ही समुद्राकडे.

सगळे क्लब वर्ग रविवारी ठेवतात. रविवार पंचांगाला विचारून येत नाही. मोसमाचं वेळापत्रक करताना कालनिर्णय पुढ्यात ठेवून अष्टमीच्या आगेमागे येणारे रविवार आधी शिकाऊंना द्यावेत, उधाणाचे रविवार जाणत्यांना. महिन्यातले दोन रविवार वर्ग नाही असं सांगायची हिंमत कार्यकारिणीत असावी लागते, कारण फी महिन्याची घेतलेली असते.

उलटण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात, खाडीत, पाणी थांबलेलं असताना. होडी सोडायची नाही. मेनशीट आणि किकर मोकळे करायचे, नाळ वाऱ्याकडे वळवायची, मग तळातून पाण्यात जाणाऱ्या मधल्या फळीवर उभं राहून मागे झुकायचं. मेनशीट अडकलेलं राहिलं तर होडी उभी राहते आणि माणसाशिवाय चालू लागते, किंवा दुसऱ्या बाजूला आडवी होते. एंटरप्राइझ पूर्ण पालथी होते आणि उथळ खाडीत काठीचं टोक चिखलात रुततं, काठी वाकते. काठीच्या टोकाला दोन लिटरची रिकामी, घट्ट बुचाची बाटली बांधली की होडी आडवी राहते, पालथी होत नाही. कुरूप दिसतं. पहिला मोसम बाटली काढू नये.

सुरक्षा बोट आठ शिकाऊ होड्यांना एक, यापेक्षा ताणू नये. चालकाच्या हाताला इंजिन बंद करणारा दोर, सोबत एक माणूस, चाकू, ओढायचा दोर, पिण्याचं पाणी. पाण्यातल्या मुलाजवळ जाताना इंजिन न्यूट्रल. टू स्ट्रोक इंजिनाला लिटरमागे वीस मिलिलिटर तेल, आणि मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा, म्हणजे साधं पेट्रोल कुणी त्यात भरणार नाही. भिंतीवर मोठ्या आकड्यांत १५५४ तटरक्षक दल आणि १०९३ सागरी पोलीस. त्यांच्या आधी मात्र जवळचा मच्छीमारच पोचतो. त्याने ओढून आणलं तर फक्त आभार मानून चालत नाही, डिझेल द्यावं. ओढताना दोर डोलकाठीच्या बुडाला, मधली फळी वर, माणूस मागे बसलेला. मोठ्या होडीचा मंद वेगही छोट्या होडीला फार असतो, हे ओढणाऱ्या होडीच्या तांडेलाला आधी सांगावं लागतं.

मच्छीमारांशी नातं हा क्लबाचा दुसरा खांब. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर तिच्या कवेतून होडी न्यायची नाही आणि रापणकर ओढतात तिथे उतरायचं नाही. मासळी बिचकली तर पन्नास घरांची दिवसाची कमाई जाते. जाळ्यांवरचे थर्माकोलचे गोळे आणि प्लास्टिकचे कॅन लाटांत दिसत नाहीत. फळी अडकली तर वर उचलून सुटायचं, जाळं कापायचं नाही. सुरक्षा बोटीतला चाकू आपल्या दोरांसाठी आहे. रोज सकाळी एका माणसाने धक्क्यावर जाऊन आज जाळी कुठे टाकलीत ते विचारून यावं. याला दहा मिनिटं लागतात आणि चहा.

आणि कागद. संस्था १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली, किमान सात सभासद, आणि महाराष्ट्रात त्यासोबत १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद. उत्साहात हे होऊन जातं. अडतं ते पुढे. कार्यकारिणी बदलली की कलम २२चा बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहतो. बँक नवी सही घेत नाही, जुना खजिनदार पुण्याला बदलून गेलेला, आणि पेट्रोलचे पैसे कुणीतरी खिशातून घालतो. स्वयंसेवकांचा क्लब वादळात बुडत नाही, तो इथे बुडतो: किल्ली एकाकडे, इंजिनाचं ज्ञान एकाच्या डोक्यात, सही तिसऱ्याची. शेडसाठी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, मर्यादा आणि सागरी मंडळाची परवानगी हेही आहेच, पण ते दारात अडवतात म्हणून निदान वेळेवर कळतं.

त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक कामाला दोन माणसं, दुसरा पहिल्याहून निदान दहा वर्षांनी लहान. एक जाड वही: तारीख, होडी क्रमांक, काय तुटलं, कुणी जोडलं, काय आणायचंय. शेडच्या दारात खिळ्यांची फळी आणि नंबरचे बिल्ले. पाण्यात जाताना बिल्ला गळ्यात, परतल्यावर खिळ्यावर. अंधार पडताना रिकामा खिळा दिसला तर कुणी घरी जात नाही. धुणं झाल्याशिवाय चहा नाही, हा नियम अध्यक्षालाही. पाहुणे म्हणून येणारे शहरी सभासद शर्यतीला वेळेवर हजर असतात आणि बादलीच्या वेळेला त्यांना मुंबई गाठायची असते. अशांची फी दुप्पट ठेवावी असं माझं जुनं मत आहे, ते अजून कुठल्या सभेत टिकलेलं नाही.

मासेमारी बंदी १ जूनला लागते, क्लबाने त्याआधी दोन आठवडे आवरतं घ्यावं. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला आलं, तौक्ते २०२१च्या मेच्या मध्यावर. ऑप्टिमिस्ट पालथ्या घालून, एकीवर एक तीनपर्यंत, जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना पट्ट्यांनी बांधायच्या. माडाला बांधायच्या नाहीत, माडाखालीही ठेवायच्या नाहीत. हवेच्या पिशव्या अर्ध्या सोडायच्या. शिडं गोड्या पाण्यात धुऊन, कडक वाळवून, वाशाला टांगून. जमिनीवर ठेवलेल्या शिडात उंदीर बाळंत होतात. सगळी बुचं उघडी, झाकणं उघडी, आतली हवा खेळती.

मग शेवटचं काम. वर्षभर ज्याच्या विहिरीतून पाणी ओढलं त्याची विहीर पावसाआधी उपसून द्यायची. गाळ काढायला चार माणसं, दोन दिवस. आणि मोसमात झिजलेलं एंटरप्राइझचं मेनशीट फेकायचं नाही. कप्पीतून ते नीट सरकत नाही, पण हाताला मऊ असतं, कुजत नाही, आणि मधला घासलेला तुकडा कापला की बादलीला पुरेल एवढी लांबी सहज निघते.